कारखान्यातील विद्यादान



विद्यादान हे श्रेष्ठ दान होय, हे आपण सर्वजण बालपणापासून ऐकत आलो आहोत. हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे पाठशाळा उभी राहते, आसनावर बसलेले गुरुजी दिसतात, ओळीने बसलेले विद्यार्थी दिसतात. परंतु आपल्या मंदिराच्या सभासद कुटुंबांतील कर्त्या माणसांचा दिवस पाठशाळेत जात नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंनी सुरतेस आलेली आपली बहुतेक मंडळी यंत्रमागावर, कापड रंगविण्याच्या मिलमध्ये, भरतकामाच्या यंत्रावर, हिऱ्याच्या घंटीवर अथवा कापड बाजारातील दुकानांत दिवसपाळी व रातपाळी करतात. अशा ठिकाणी विद्यादान घडते काय? घडत नसेल तर का घडत नाही? आणि न घडल्यास काय अनर्थ ओढवतो? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

आम्ही पुजाऱ्याच्या घरी जन्मलो. आमचे शिक्षण बारावीपर्यंतच झाले. सकाळी देवपूजेत वडिलांच्या हाताखाली उभे राहावे आणि नंतर पांडेसऱ्याकडील मिलमध्ये कामावर जावे, असा आमचा क्रम आहे. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते पांडित्य म्हणून नव्हे, तर चुकलेल्या माणसाने दुसऱ्यास सावध करावे, या भावनेने लिहिले आहे.

१. चौघांना ठाऊक असलेली विद्या

भारतीय युद्धाचा तेरावा दिवस. द्रोणाचार्यांनी चक्रव्यूह रचला. पांडवांचे सैन्य त्यापुढे थबकले. व्यासांच्या द्रोणपर्वात धर्मराज अभिमन्यूस सांगतात की, हा व्यूह फोडणे चौघांनाच साधेल : श्रीकृष्ण, अर्जुन, प्रद्युम्न आणि तू स्वतः, पाचवा कोणी नाही. त्या दिवशी अर्जुन व त्यांचे सारथी श्रीकृष्ण संशप्तकांशी लढण्यास दूर गेले होते. प्रद्युम्न तर त्या युद्धात नव्हताच. उरला तो कोवळ्या वयाचा अभिमन्यू. त्याने स्पष्ट सांगितले की, वडिलांनी मला आत शिरण्याची युक्ती शिकविली आहे, बाहेर पडण्याची नाही. त्यावर वडीलधाऱ्यांनी त्यास धीर दिला : तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग येतो. पुढे जयद्रथाने व्यूहाच्या तोंडाशी सर्वांस अडवून धरले आणि मुलगा आत एकटा राहिला. पुढची कथा सांगावयास नको.

कीर्तनात ही कथा आपण अभिमन्यूच्या शौर्यासाठी ऐकतो व डोळे पुसतो. परंतु तिच्यात कामकऱ्यांसाठी तीन बोध दडलेले आहेत. पहिला असा की, एवढ्या मोठ्या सैन्याची मदार चार डोक्यांवर ठेवली गेली. त्यांतील दोन त्या दिवशी दूर गुंतताच साऱ्यांचा खोळंबा झाला. दुसरा असा की, अर्धी दिलेली विद्या ही न दिलेल्या विद्येपेक्षा घातक असते. ज्यास काहीच ठाऊक नसते तो व्यूहात शिरतच नाही. आणि तिसरा बोध अधिक कटू आहे. ‘आम्ही आहोतच ना मागे’ हे वडीलधाऱ्यांचे आश्वासन विद्येची जागा घेऊ शकत नाही. आश्वासन देणारा मनाने कितीही सच्चा असो, ऐन वेळी त्यास कोठेतरी जयद्रथ आडवा येतो.

२. आमच्या हातून घडलेला अपराध

आता आमची गोष्ट सांगतो. सुरतेच्या मिलमध्ये येणारे कापड बहुतांशी पॉलिस्टरचे असते. हा धागा हट्टी आहे. साध्या उकळत्या पाण्यात तो रंग नीट पीत नाही. यास्तव कापड बंद यंत्रात घालून पाणी सुमारे १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. पाणी १०० अंशांवर उकळते हे आपण शाळेत शिकलो. मग ते १३० अंशांवर पाणीच कसे राहते? झाकण घट्ट बंद असल्याने आत दाब वाढतो आणि त्या दाबाखाली पाण्यास वाफ होता येत नाही. घरातील कुकरचे तत्त्व हेच. दाब उतरण्यापूर्वी कुकरचे झाकण काढले तर काय होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. मिलचे जेट यंत्र म्हणजे माणसाहून मोठा असा कुकरच समजावा. काम संपल्यावर पाणी हळूहळू निववावे, ऐंशी अंशांच्या खाली आणावे, दाबाचा काटा शून्यावर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, वाफ सोडण्याची तोटी उघडून खात्री करावी आणि मगच झाकणास हात लावावा, ही त्याची रीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली एक नवा हेल्पर आला. वय वीसच्या आसपास, नंदुरबारकडचा, तल्लख. आम्ही त्यास कापड भरणे, कापडाची टोके शिवून त्याचे कडे करणे, रंग कालवून सोडणे, ॲसिड किती घालावे, तापमान किती संथपणे चढवावे, हे सर्व दोन दिवसांत शिकविले. यंत्र सुरू करण्याची विद्या त्यास आली. बंद करण्याची विद्या आम्ही उद्यावर ठेवली. पाळी संपत आली होती, हे एक कारण. दुसरे कारण आम्ही पुष्कळ दिवस स्वतःपासूनही लपविले. आज या पृष्ठावर लिहितो. तो मुलगा आमच्याहून लवकर शिकत होता. त्यास सर्वच आले तर मालकास आमची गरज काय, असा किडा मनात वळवळत होता. एखादी गोष्ट आपल्याच मुठीत राहू द्यावी, असे वाटले. ‘आम्ही आहोतच ना’ असे त्यास म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता, म्हणून आम्ही कामावर तासभर उशिरा पोहोचलो. तेवढ्या वेळात त्याने निवत आलेल्या यंत्राचे झाकण उघडले. नव्या यंत्रांत दाब असेपर्यंत झाकण उघडूच नये अशी कळ असते. ते यंत्र जुने होते. वाफेचा लोट त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आला.

कोणी टूथपेस्ट आणावयास धावले, कोणी हळद. इतक्यात ओडिशाकडील एक सहकारी पुढे झाला. त्यास आम्ही सर्वजण केवळ गाठोडी वाहणारा समजत होतो. त्याने कोणाचे न ऐकता मुलाचा हात साध्या वाहत्या पाण्याच्या नळाखाली धरला आणि घड्याळ पाहून वीस मिनिटे तेथून हलू दिला नाही. मग स्वच्छ ओले फडके सैलसर गुंडाळून दवाखान्यात नेले. भाजल्यावर प्रथम हेच करावयाचे असते. पेस्ट, तूप, हळद, शाई यांपैकी काही लावावयाचे नसते. ही विद्या त्या माणसाजवळ कित्येक वर्षे होती. आम्ही त्याच्याबरोबर डबा खाल्ला होता, परंतु तुला काय येते, असे कधी विचारले नव्हते.

मुलाचा हात वाचला, व्रण राहिला. रात्री घरी आल्यावर वडिलांस सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, “यंत्र सुरू करायला त्याला कोणी शिकवले?”

“मी.”

“आणि बंद करायला?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाची आई आजही मंदिरात येते, नारळ ठेवते आणि आम्हास पाहून हसते. तिने कधी दोष दिला नाही. आम्ही मात्र तिच्या हातात प्रसाद देताना मान वर करू शकत नाही.

३. पाठशाळेची रीत

त्या रात्रीनंतर वडिलांपाशी लहानपणी घेतलेली संथा आम्हास वेगळ्या अर्थाने आठवू लागली. वेद हजारो वर्षे लिखित आधारावाचून टिकले, याचे कारण केवळ स्मरणशक्ती नव्हे. शिकविण्याची रीत हे त्याचे कारण आहे. गुरुजी म्हणतात, शिष्य म्हणतो, पुन्हा म्हणतो. मग पदपाठ येतो, म्हणजे प्रत्येक पद सुटे करून म्हणावयाचे. मग क्रम, जटा, घन. जटापाठात पहिले व दुसरे पद म्हणावे, मग उलट दुसरे व पहिले म्हणावे, मग पुन्हा सुलट म्हणावे. घनपाठात तीन पदांपर्यंत असेच पुढे जाऊन मागे येणे व पुन्हा पुढे जाणे असते. सरळ म्हणताना चुकून गळलेले अक्षर उलट म्हणताना उघडे पडते. शिवाय सर्वांनी एकत्र म्हणावयाचे असल्याने एकाचा स्वर घसरला की शेजारचा थांबतो आणि दुरुस्त करतो. त्यात कोणास अपमान वाटत नाही. ही परंपरा मानवजातीचा मौल्यवान वारसा होय, असे युनेस्कोने २००३ मध्ये घोषित केले.

या रीतीतून कारखान्यास घेण्यासारखे पुष्कळ आहे. जो सुलट शिकला परंतु उलट शिकला नाही, त्याचा पाठ झाला असे वेदपाठी मानीत नाहीत. मग ज्यास यंत्र सुरू करता येते परंतु थांबविता येत नाही, त्यास आम्ही शिकलेला कसा समजलो?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशी व्रते सांगितली आहेत. नवल असे की, तेथे प्रत्येक व्रतासोबत स्वाध्याय व प्रवचन ही जोडी पुनःपुन्हा येते. स्वाध्याय म्हणजे स्वतः शिकत राहणे आणि प्रवचन म्हणजे शिकलेले दुसऱ्यास सांगणे. ऋषींनी या दोहोंना एकाच धाग्यात ओवले. आम्ही मात्र स्वाध्यायास पुण्य मानतो आणि प्रवचनास परोपकार मानतो, म्हणजे केले तर केले, नाहीतर नाही. शास्त्राचा आशय तसा दिसत नाही.

४. घराण्यातील विद्या व घराण्याबाहेरील विद्या

कोणी म्हणेल, कारागिराने आपली विद्या मुठीत ठेवणे ही जुनी चाल आहे व ती चालत आली आहे. हे खरे आहे; तिच्यात बळही आहे. आपल्या सुरतेचेच उदाहरण पाहा. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार. जहाजे बांधण्यात निष्णात म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस १७३६ मध्ये काही सुतारांसह मुंबईस नेले. तेथील गोदी त्यांच्या हाताखाली उभी राहिली आणि प्रमुख जहाजबांधणीकाराचे पद सुमारे दीडशे वर्षे त्याच घराण्यात चालले. मुंबईत सागवानी लाकडातून त्या घराण्याने १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे.

ही विद्या इतकी टिकली कशामुळे? बाप मुलापासून काही लपवीत नाही, म्हणून. लाकूड कसे निवडावे, फळीच्या सांध्यात फळी कशी बसवावी, कोठे चूक होते, चूक झाल्यास ती कशी सावरावी, हे सर्व त्याने पुढे दिले. म्हणजे ज्यास आपण गुप्त विद्या म्हणतो, तीसुद्धा आतल्या माणसांत मुक्तपणे वाटली गेली, म्हणूनच जगली.

परंतु काळ पालटला. लाकडी शिडाच्या जहाजांच्या जागी वाफेची जहाजे येऊ लागली. घराण्यात जे नव्हते ते बाहेरून आणणे प्राप्त झाले. तेव्हा त्याच घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये इंग्लंडला गेले, तेथील गोदीत परक्यांच्या हाताखाली शिकले आणि तेथील अडीच वर्षांच्या वास्तव्याचा वृत्तांत त्यांनी १८४१ मध्ये ग्रंथरूपाने छापला. ज्यांच्या पूर्वजांनी विद्या घरात सांभाळली, त्यांच्याच वंशजांस परक्याच्या दारी शिष्य व्हावे लागले आणि जे पाहिले ते सर्वांसाठी लिहावेसे वाटले. यात कमीपणा नाही; विद्येचा हाच मार्ग आहे.

दुसरे उदाहरण संगीताचे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईतील वाळकेश्वरी झाला. ते व्यवसायाने वकील होते. त्या काळी अनेक उस्ताद आपल्या चिजा मुलास व अगदी निकटच्या शिष्यासच देत. उस्ताद गेला की चीजही जाई. भातखंड्यांनी देशभर हिंडून, कोठे विनवून, कोठे गंडा बांधून, चिजा मिळविल्या व स्वरलिपीत उतरविल्या. काही उस्तादांनी मन मोठे करून त्यांच्यापुढे आपली पेटी उघडली, हे त्या उस्तादांचे मोठेपण. आपल्याहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे भातखंड्यांचेच परिश्रम होते. पुढे त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून त्या चिजा सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. यामुळे उस्तादांची प्रतिष्ठा घटली काय? नाही. पुस्तकातून चीज मिळते. गळा मिळत नाही. गळ्यासाठी गुरूकडेच जावे लागते. कागदावर उतरले म्हणून कसब स्वस्त होत नाही, ही गोष्ट प्रत्येक कारागिराने ध्यानी ठेवावी.

५. पोटाच्या भीतीचा विचार

येथवर वाचून एखादा अनुभवी मास्तर म्हणेल, “हे सर्व देवळात बोलणे ठीक, आमच्या पोटाचे काय?” या प्रश्नास टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मिलमधील रंगाच्या मास्तराची वही सर्वांनी ऐकली आहे. कोणत्या छटेसाठी कोणता रंग किती, कोणत्या ताक्यास किती वेळ, हे तो बारीक अक्षरांत, कधी स्वतःच्याच खुणांत लिहितो आणि वही कुलुपात ठेवतो. ती वही त्याची शेती आहे, त्याचा विमा आहे. एक छटा ट्यूबच्या प्रकाशात नमुन्याशी तंतोतंत जुळते आणि बाहेर उन्हात नेताच वेगळी दिसते; असे का होते व त्यावर उपाय काय, हे तो पंधरा वर्षे नुकसान सोसून शिकलेला असतो. आता काही ठिकाणी रंग मोजणारी संगणकी यंत्रे आली आहेत, तथापि त्यांच्या आकड्यांवर शेवटचा हात फिरविण्यास जाणता डोळा लागतोच. ही कमाई कोणासही फुकट द्यावी, असे म्हणणे सोपे आहे.

हिऱ्याच्या कामातही तीच अडचण. एका घंटीभोवती चार कारागीर बसतात. पुष्कळांस नगावर मजुरी मिळते. शेजारच्या नवख्यास पैलू शिकविण्यात अर्धा तास गेला, तर तेवढे नग आपल्या हिशेबातून कमी होतात. शिकविणाऱ्याने दान केले खरे, परंतु ते आपल्या लेकरांच्या दुधातून केले. मग तो न शिकविता मान खाली घालून काम करीत राहिला, तर त्यास कृपण म्हणण्याचा अधिकार आपणास आहे काय?

आमच्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर असे की, विद्या लपविण्याचा दोष एकट्या कारागिराचा नव्हे. जेथे शिकविणाऱ्याचा तास बुडीत धरला जातो, तेथे विद्या कुलुपात जाणारच. ज्या मालकास आपले काम एका माणसाच्या आजारपणाने थांबू नये असे वाटते, त्याने शिकविण्याचा तास मजुरीत धरावा, आणि ज्याने शिकविले त्यास काढून त्याच्या जागी त्याच्याच स्वस्त शिष्यास बसविण्याचा मोह टाळावा. आपल्या सभासदांत लहानमोठे कारखानदारही आहेत. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, ही नम्र विनंती.

६. कोणती विद्या, कोणास, केव्हा

सर्व विद्या एका मापाने मोजता येत नाही. विचारान्ती आम्हास तिचे चार प्रकार दिसतात.

पहिली जीविताची विद्या. कोठे हात घालू नये, काय कशात मिसळू नये, आग लागल्यास बाहेर जाण्याची वाट कोणती, हे तीत येते. कापड धुण्यास वापरण्यात येणाऱ्या ‘हायड्रो’च्या भुकटीस ओल लागली तर ती आपोआप पेटू शकते, ही गोष्ट याच प्रकारातली. ही विद्या पहिल्याच दिवशी, न विचारता, शत्रूसही द्यावी. तीवर कोणाचीही मालकी नाही. आम्ही जी लपविली ती हीच होती, म्हणून आमचा अपराध मोठा.

दुसरी नित्याच्या कामाची विद्या. यंत्र लावणे, धागा जोडणे, हिशेब मांडणे, ताक्यावर खूण करणे. ही क्रमाने, परंतु हात न राखता द्यावी. ती दिल्याने देणाऱ्याचेच ओझे हलके होते; त्यास गावी लग्नाकार्यास जाता येते, आजारात अंथरुणावर निश्चिंत पडता येते.

तिसरी हातची कला. मास्तराचा डोळा, कारागिराची बोटे. ही मागूनही लगेच मिळत नाही व देऊनही लगेच देता येत नाही. ज्याची तयारी व निष्ठा दिसते त्यास वर्षानुवर्षे जवळ बसवून ती द्यावी. येथे देणाऱ्याने योग्य शिष्याची निवड करणे हा कृपणपणा नव्हे, विवेक होय. मात्र एकासही न देता ती बरोबर घेऊन जाणे हे ऋण न फेडता जाण्यासारखे आहे. कारण ती त्यालाही कोणीतरी दिली होती.

चौथी परक्याची ठेव. व्यापाऱ्याचा नमुना, मालकाचे भाव, गिऱ्हाइकाची नवी नक्षी. ही आपली विद्याच नव्हे. ती वाटणे हे दान नसून विश्वासघात आहे. दानशूरपणाच्या भरात हा भेद विसरू नये.

७. आचरणाचे नियम

आता रोजच्या आचरणात उतरवावयाच्या काही गोष्टी सांगतो.

(अ) शिकविताना बाहेर पडण्याची वाट प्रथम सांगावी. कोणतेही यंत्र सुरू कसे करावे हे सांगण्यापूर्वी ते थांबवावे कसे, हे हातांनी करून दाखवावे व शिकणाऱ्याकडून करवून घ्यावे.

(आ) ‘समजले ना?’ असे विचारू नये. नवखा मनुष्य भिडेने ‘हो’ म्हणतो. ‘आता तू मला सांग’ असे म्हणावे आणि जटापाठाप्रमाणे सुलट व उलट म्हणवून घ्यावे.

(इ) जीविताची विद्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. आपल्या कारखान्यांत मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया बोलणारी माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात. ज्यांस जी भाषा वाचता येते तीत लिहावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढावे.

(ई) विचारणाऱ्यास हसू नये. एकदा हसलेला प्रश्न पुन्हा विचारला जात नाही, आणि न विचारलेला प्रश्न पुढे अपघात होऊन समोर उभा राहतो.

(उ) शिकणाऱ्याने ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव चारचौघांत घ्यावे. ‘हे मला अमक्याने दाखविले’ या चार शब्दांनी देणाऱ्याची भीती निम्मी कमी होते. विद्येची चोरी होते ती बहुधा नाव गाळल्याने.

(ऊ) दर महिन्यास एका सहकाऱ्यास, विशेषतः ज्यास आपण कमी लेखतो त्यास, विचारावे : ‘तुम्हास असे काय येते, जे मला येत नाही?’

हे नियम केवळ पुरुषमंडळींसाठी नाहीत. आपल्या अनेक माताभगिनी घरी साड्यांवर टिकल्या व लेस लावण्याचे काम करतात. एकीचा हात जलद चालतो, दुसरीचे डोळे दुखतात. उजेड कोणत्या बाजूस घ्यावा, सुई कशी धरावी, हे पहिलीने दुसरीस सांगितले तर सायंकाळी दोघींच्याही हाती चार पैसे अधिक येतील. आणि स्वयंपाकघरातील विद्येविषयी काय सांगावे! आमच्या आजीच्या हातचे पुरण कधी फुटले नाही. तिने प्रमाण कोणास सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आता नैवेद्याच्या दिवशी आमची आई दर वेळी म्हणते, “विचारायचे राहून गेले.”

समारोप

आमच्या हाताखालचा तो मुलगा आज स्वतः नव्या माणसांस शिकवितो. यंत्रापाशी नेल्यावर तो प्रथम बाही वर सारतो, व्रण दाखवितो आणि म्हणतो, “आधी बंद करायला शिका.” दाबाचा काटा शून्यावर आला की तो मोठ्याने ‘शून्य’ म्हणतो, नवख्याने तसेच म्हणावयाचे, आणि तेव्हाच झाकणास हात लागतो. ही रीत त्यास आम्ही शिकविली नाही. ती त्याने स्वतः बसविली. आम्ही ती त्याच्याकडून घेतली आणि तसे सर्वांस सांगतो. आमची नोकरी गेली नाही. त्यास सर्व आल्याने पाळीच्या दिवशी सुटी मागताना आता आम्हास संकोच वाटत नाही, इतकाच फरक पडला.

मंदिराच्या सभामंडपात सुट्टीच्या दिवशी सायंआरतीनंतर अर्धा तास कामकरी मंडळींनी एकत्र बसावे व प्रत्येकाने आपल्या कामातील जीविताची एक गोष्ट इतरांस सांगावी, अशी आमची सूचना आहे. सभासदांस मान्य असल्यास सतरंजी अंथरण्याचे काम आम्ही करू.

घरी मनन करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या घरातील कर्ता मनुष्य उद्या कामावर जाऊ शकला नाही, तर त्याचे कोणते काम अडेल? ते आणखी कोणास येते?

२. आपणास कोणी अर्धी विद्या दिली होती काय? त्याचा परिणाम काय झाला?

३. आपण कोणास अर्धी विद्या दिली आहे? उरलेली अर्धी केव्हा देणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढील पाळी सुरू होण्यापूर्वी द्यावे. शिकविणाऱ्यास औदार्य आणि शिकणाऱ्यास निःसंकोच वृत्ती लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.